दिवाणखान्यांतील चितकबरी वेल



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना हंसूं आलें असेल. जी वेल आपोआप वाढते म्हणूनच लोक ती घरांत ठेवितात, तिच्या काळजीविषयीं पाऊण घटका काय बोलावयाचें, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलों, कन्हानला मुलांना भूगोल व गणित शिकविलें, आणि निवृत्तीनंतर कुंड्यांच्या नादीं लागलों. त्या नादांत मीं ज्या चुका केल्या त्यांचा हिशेब आज आपल्यापुढें मांडावा, एवढाच माझा हेतु आहे.

ही वेल म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाची मनी प्लांट. पिंपळाच्या पानाची आठवण करून देणारीं तुकतुकीत पानें, त्यांवर सोनेरी किंवा पांढरे पट्टे व शिंतोडे, आणि कपाटावरून किंवा खिडकीच्या गजावरून खालीं लोंबणारा लांब दांडा, असें तिचें रूप आहे. ती दुसऱ्याच्या घरून चोरून आणली तरच आपल्या घरांत पैसा येतो, अशीहि एक समजूत आहे. त्या समजुतीचा समाचार शेवटीं घेऊं.

प्रथम तिचें कुलवृत्त सांगतों. ही वेल मूळची आपल्याकडील नव्हे. पॅसिफिक महासागरांत ताहितीच्या शेजारीं मोओरेआ नांवाचें एक लहानसें बेट आहे, तें तिचें माहेर. सन १८८० मध्यें युरोपांतील विद्वानांनीं तिचें प्रथम वर्णन केलें. पुढें तिचें शास्त्रीय नांव कित्येकदां बदललें, आणि सन १९६४ पासून ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ हें नांव रूढ झालें. ‘झाडाच्या बुंध्यावर राहणारी सोनेरी वेल’ असा त्याचा साधारण अर्थ होतो, आणि तिचा स्वभाव त्यांतच आला. रानांत ती मोठ्या वृक्षांच्या सांवलींत जन्मते व त्यांच्या बुंध्याला धरून उजेडाकडे चढते. चढतांना तिचीं पानें मोठीं होत जातात. हात-दीड हात लांबीचीं पानेंहि होतात. तीच वेल आपण खालीं लोंबत सोडली म्हणजे पानें तळहाताएवढींच राहतात. ज्यांना मोठीं पानें हवीं असतील त्यांनीं कुंडींत एक खडबडीत काठी रोवून तिला काथ्या गुंडाळावा व वेल तिच्यावर चढवावी.

कुळानें ती आपल्या अळवाची व सुरणाची नातेवाईक आहे. अळूं नीट शिजलें नाहीं तर घसा खाजतो, हा अनुभव प्रत्येक घराला आहे. पानांत चुन्याच्या क्षाराचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, तेच तोंडांत व घशांत टोंचतात. तसेच स्फटिक या वेलीच्या पानांतहि आहेत. म्हणून ज्या घरांत रांगतें मूल, मांजर किंवा कुत्रा असेल, तेथें लोंबणारीं टोंकें त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावींत.

आतां पानांवरील चित्राकडे वळूं. पानाचा हिरवा भाग हें वेलीचें स्वयंपाकघर होय. तेथील हरितद्रव्य उजेडाच्या साहाय्यानें हवा व पाणी यांपासून वेलीचें अन्न शिजवितें. जेथें पान सोनेरी किंवा पांढरें असतें, तेथें हरितद्रव्य अत्यल्प असतें अथवा मुळींच नसतें. म्हणजे जें आपल्या डोळ्यांना सुंदर दिसतें, तो वेलीच्या घरांतला न मिळविता भाग आहे; त्याचेंहि पोट हिरव्या भागाला भरावें लागतें. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी कीं, पान जितकें अधिक पांढरें, तितकी वेल हळू वाढते व तितका अधिक उजेड तिला लागतो. दुसरी अशी कीं, उजेड कमी पडला तर वेल नवीं पानें अधिक हिरवीं काढूं लागते, आणि तिचें चित्र पुसट होत जातें. मूळ सोनेरी वेलीहून पांढऱ्या संगमरवरी पानांची जात नाजूक असते, तिचें कारण हेंच. मुंबईच्या एका रोपवाटिकाकारानें निवडलेल्या ‘एन्जॉय’ व ‘मंजुळा’ या पांढऱ्या ठिपक्यांच्या जाति आज परदेशांतील दुकानांतहि विकल्या जातात. त्यांना तर उजेड आणखीच जपून द्यावा लागतो.

हें सर्व मी आज शहाणपणानें सांगत आहें. परंतु तें कळण्यापूर्वीं माझ्या हातून काय घडलें तेंहि सांगितलें पाहिजे.

चार वर्षांपूर्वीं श्रावणांत माझी पत्नी ओल्या ओसरीवर घसरून पडली आणि तिच्या मांडीचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, पण पुढें कित्येक महिने तिचा बहुतेक वेळ अंथरुणावरच गेला. आमच्या घराची मधली खोली न्हाणीला जवळ, म्हणून खाट तेथें घातली. त्या खोलीला एकच लहान खिडकी, आणि तीहि शेजारच्या भिंतीसमोर. ओसरीवरची वेल तिनेंच लावलेली होती. फार वर्षांपूर्वीं रामटेकला एका स्नेह्यांकडे गेलों असतां तिनें वीतभर तुकडा मागून आणला होता, त्याचीच पुढें भरगच्च कुंडी झाली होती. ती कुंडी माझ्यासमोर आणून ठेवा, असें ती म्हणाली, आणि मीं ती खाटेच्या पायथ्याशीं तिपाईवर ठेवली. या वेलीचें नवें पान सुरळीसारखें निघतें व कांहीं दिवसांत उलगडतें. त्या उलगडण्याकडे तिचें सकाळपासून लक्ष असे. ‘आज अर्धें उघडलें हो,’ असें ती मला चहाच्या वेळीं सांगे. आजारी माणसाला दिवस मोजण्यासाठीं कांहीं तरी लागतें.

तीन आठवडे बरे गेले. मग एक पान जवळजवळ सबंध हिरवें निघालें. त्यामागून आलेलें लहान व फिकें होतें. नंतर खालचीं पानें एकेक पिवळीं पडून गळूं लागलीं. मी घाबरलों. रोज सकाळीं पेलाभर पाणी घालीत होतों, तें सायंकाळींहि घालूं लागलों. आठवड्याभरांत दांडे मुळाशीं काळे पडले आणि मातीला कुजका वास येऊं लागला. पत्नी त्याविषयीं एक शब्दहि बोलली नाहीं. तिनें फक्त त्या बाजूला पाहणें सोडून दिलें. त्या दिवशीं मला जें वाटलें, तें शाळेंतला एखादा मुलगा माझ्या निष्काळजीपणामुळें नापास झाल्यावरहि वाटलें नसेल. कारण येथें निष्काळजीपणा नव्हता, काळजीच फार झाली होती.

चूक कोठें झाली तें पाहूं. अंधाऱ्या खोलींत वेलीचा स्वयंपाक जवळजवळ बंद पडतो. तिला पाण्याची गरज थोडी उरते. म्हणून घातलेलें पाणी मातींतच सांचून राहतें. मुळांनाहि श्वास घ्यावा लागतो, आणि त्यासाठीं मातीच्या कणांमध्यें हवा असावी लागते. ती जागा सतत पाण्यानें भरली तर मुळें गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढतां येत नाहीं. मग वेल भर पाण्यांत तहानेनें कोमेजते. आपण तें कोमेजणें पाहतों, तिला पाणी कमी पडलें असें समजतों, आणि आणखी पाणी घालतों. घरांतल्या कुंड्या बहुधा अशाच मरतात.

म्हणून पहिला नियम उजेडाचा. वेलीला भरपूर उजेड हवा. पण प्रखर ऊन नको, उन्हानें पांढरे भाग आधीं करपतात. उजेड पुरेसा आहे कीं नाहीं हें ओळखण्याची एक सोपी रीत आहे. भर दिवसा कुंडीच्या जागीं पांढरा कागद धरावा आणि त्यावर वीतभर उंचीवरून हात धरावा. हाताची सांवली स्पष्ट पडली तर जागा चांगली. पुसट पडली तर वेल जगेल पण चित्र फिकें होईल. मुळींच पडली नाहीं तर ती जागा वेलीची नव्हे.

येथें भूगोलाच्या मास्तराला थोडें बोलूं द्यावें. आपलें नागपूर उत्तर अक्षांश २१ च्या किंचित् वर आहे. त्यामुळें मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत, आणि पुन्हा जुलैच्या मध्यास, दोन प्रहरीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो, व दक्षिणेच्या खिडकींतून घरांत ऊन शिरत नाहीं. डिसेंबरांत तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि त्याच खिडकींतून ऊन खोलीच्या मध्यापर्यंत येतें. उन्हाळ्यांत सुखानें राहिलेली वेल हिवाळ्यांत त्याच जागीं करपली, तर त्यांत नवल नाहीं. कुंडीची जागा वर्षांतून दोनदां तरी पारखून पाहावी. आमच्याकडे पूर्वेची ओसरी, कोंवळें ऊन गेल्यावर दिवसभर उजेड राहणारी, ही सर्वांत उत्तम ठरली आहे.

दुसरा नियम पाण्याचा. पाण्याला वार ठरवूं नये. मातींत तर्जनी दोन पेरें खुपसावी. आंत ओल लागली तर त्या दिवशीं पाणी नाहीं. कोरडें लागलें तर कुंडीच्या तळाच्या भोंकांतून पाणी गळेपर्यंत भरपूर घालावें, आणि तळाच्या बशींत सांचलेलें पाणी अर्ध्या तासानें ओतून टाकावें. ज्या कुंडीला भोंक नाहीं तींत ही वेल लावूंच नये. आमच्याकडे मध्यम कुंडीला वैशाखांत तीन-चार दिवसांनीं पाणी लागतें, पावसाळ्यांत आठ-दहा दिवसांनीं, आणि पौषांत कधीं कधीं पंधरा दिवसहि लागत नाहीं. पण हे आंकडे माझ्या ओसरीचे. आपल्या घरीं आपलें बोट सांगेल तेंच खरें. कूपनलिकेचें पाणी जड असेल तर मातीवर पांढरा थर जमतो. तसें दिसल्यास वरची अंगुळभर माती बदलावी, आणि पावसाचें पाणी सांपडेल तेव्हां तें घालावें.

तिसरी गोष्ट मातीची. आपल्या विदर्भाची काळी जमीन कापसाला सोनें आहे. परंतु कुंडींत ती या वेलीचा घात करते. ओली झाली कीं ती चिकट होऊन हवा कोंडते, आणि वाळली कीं भेगा पडून मुळें तोडते. मी असें मिश्रण करतों: दोन वाटे गाळाची किंवा बागेची भुसभुशीत माती, एक वाटा घरबांधणींतून उरलेली जाड वाळू, एक वाटा पालापाचोळ्याचें किंवा चांगलें कुजलेलें शेणखत, आणि मिळाल्यास थोडा नारळाचा भुसा. तळाशीं भोंकावर खापराचा एक तुकडा उपडा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाहीं. खताची हांव धरूं नये. आषाढापासून दिवाळीपर्यंत दोन महिन्यांतून एकदां मूठभर गांडूळखत पुरे. हिवाळ्यांत वेल विश्रांति घेते, तेव्हां तिला खत देऊं नये.

चौथी गोष्ट धुळीची, आणि ती आम्हां कन्हानकरांना चांगली ठाऊक आहे. आसपास कोळशाच्या खाणी, जवळून जाणारी मालमोटारींची रहदारी. सकाळीं पुसलेली तिपाई सायंकाळीं पुन्हा बोट उमटण्याइतकी मळते. तोच थर पानांवर बसतो आणि उजेड अडवितो. ज्या पानाचें अर्धें स्वयंपाकघर आधींच बंद आहे, त्याच्या उरलेल्या अर्ध्यावर हा पडदा! म्हणून आठवड्यांतून एकदां पानाखालीं तळहात धरून ओल्या मऊ फडक्यानें तें वरून-खालून पुसावें. चकाकीसाठीं तेल किंवा दूध लावण्याची चाल आहे, ती सोडावी. त्यावर धूळ अधिकच चिकटते. पुसतांना देठाच्या बगलेंत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण होत. साबणाच्या सौम्य पाण्यांत बुडविलेल्या कापसानें ते दर चार-पांच दिवसांनीं पुसून काढावे, म्हणजे कीड आटोक्यांत राहते.

आमच्या हवेचाहि एक जाच आहे. नागपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, आणि डिसेंबर २०१८ मध्यें तोच ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. ही वेल उष्ण सागरी बेटावरची. तिला वीस ते तीस अंश मानवतात. उन्हाळ्यांत कुंडी लूच्या झोतांत ठेवूं नये, आणि वाळ्याच्या कूलरच्या थेट वाऱ्यांतहि ठेवूं नये. कूलर असलेल्या खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यांतली दमट हवा मात्र तिला आवडते. हिवाळ्यांत पारा दहाच्या खालीं जाऊं लागला कीं रात्रीं कुंडी खिडकीपासून आंत सरकवावी.

आतां त्या कुजलेल्या कुंडीचें पुढें काय झालें तें सांगतों. वेलीच्या दांड्यावर, जेथें देठ मिळतो तेथें एक गांठ असते, आणि गांठीपाशीं तपकिरी रंगाचा बारीक कोंब असतो. तें मुळाचें बीज. नुसत्या पानाच्या देठाला कदाचित् मुळें फुटतील, पण त्यापासून वेल होणार नाहीं. तुकड्यांत गांठ आलीच पाहिजे. मीं कुजका भाग टाकून दिला आणि वरच्या धडधाकट दांड्यांचे दोन-दोन गांठींचे आठ तुकडे केले. खालची गांठ पाण्यांत व पान पाण्यावर राहील असे ते दोन कांचेच्या बाटल्यांत ठेविले. एक बाटली पत्नीच्या खाटेपाशीं, दुसरी ओसरीवर, आणि दर रविवारीं दोहोंची अदलाबदल. बाटली कांचेची असल्यामुळें आंत काय चाललें आहे तें दिसे. बाराव्या दिवशीं सकाळीं तिनें मला हांक मारली. एका गांठीतून तांदळाच्या कण्याएवढें पांढरें मूळ बाहेर आलें होतें.

मुळें बोटभर लांब झाल्यावर दोन कुंड्या भरल्या, आणि रविवारच्या बदल्या तशाच चालूं ठेविल्या. एक कुंडी सात दिवस रुग्णाच्या सेवेला, दुसरी सात दिवस उजेडांत विश्रांतीला. याचें वेळापत्रक तिनेंच ठेविलें. ज्यांच्या घरांत उजेडाची खोली एक आणि बसण्याची खोली दुसरी, त्यांनीं हा उपाय अवश्य करून पाहावा. अंधाऱ्या जागेची शोभा एकाच वेलीच्या माथीं कायमची मारूं नये.

बाटलींत वेल ठेवणारांनीं दर आठवड्याला पाणी आठवणीनें बदलावें. डेंग्यूचा डांस स्वच्छ साठलेल्या पाण्यांतच वाढतो, आणि अंड्यापासून डांस होण्यास त्याला आठ-दहा दिवस पुरतात. तसेंच, एखाद्या फांदीवर सगळीं पानें हिरवींच येऊं लागलीं, तर शेवटच्या चितकबऱ्या पानाच्या गांठीपर्यंत ती मागें छाटावी व कुंडी अधिक उजेडांत न्यावी. छाटलेले तुकडे मात्र ओढ्याकांठीं किंवा रानांत फेंकूं नयेत. श्रीलंकेंत व हवाई बेटांत ही वेल बागांतून सुटून रानांतल्या झाडांवर चढून बसली आहे.

ही वेल घरांतली हवा शुद्ध करते, असेंहि पुष्कळ ऐकूं येतें. अमेरिकेच्या नासा या संस्थेनें १९८९ मध्यें बंद पेट्यांत कांहीं झाडें ठेवून प्रयोग केले, त्यांत ही वेल होती, तेथून हा बोलबाला झाला. परंतु २०१९ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं अशा प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला. खिडकींतून येणाऱ्या-जाणाऱ्या हवेची बरोबरी करावयाची तर दर चौरस मीटर जागेस १० पासून १,००० पर्यंत झाडें लागतील, असें त्यांना आढळलें. तेव्हां हवेसाठीं खिडकी उघडावी, आणि वेल डोळ्यांसाठीं ठेवावी.

शेवटीं चोरीविषयीं. ही वेल फुलत नाहीं. फुलें येण्यास जें द्रव्य लागतें, तें तयार करणारी तिच्यांतली एक कळ मंद पडली आहे, असें २०१६ मध्यें संशोधकांनीं दाखविलें. फूल नाहीं म्हणून बी नाहीं. तेव्हां जगांतल्या घरोघरीं जी सोनेरी वेल लोंबते आहे, ती कोणी तरी कापलेल्या तुकड्यापासूनच झालेली आहे. असे तुकडे मागितले तर कोणीहि देतो. चोरण्याची आवश्यकता काय? आमच्या त्या आठ तुकड्यांपैकीं दोन रामटेकच्या त्याच स्नेह्यांकडे गेले आहेत. कारण त्यांची मूळ वेल मधल्या काळांत नाहींशी झाली होती. पैशाचें म्हणाल तर आमचें निवृत्तिवेतन जेवढें होतें तेवढेंच आहे.

माझी पत्नी आतां काठी घेऊन ओसरीपर्यंत येते. कुंडीच्या मातींत बोट घालून पाहण्याचें काम तिनें माझ्याकडून काढून घेतलें आहे. माझ्या हातीं पाण्याचा पेला दिसला कीं ती आधीं विचारते, ‘पाहिलंत का?’ घरांत ही वेल असलेल्या प्रत्येकानें पाणी घालण्यापूर्वीं हा प्रश्न स्वतःला विचारावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.